टोटल लॉसची फोर बाय फोर घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत ‘थार, फोर बाय फोर, पेपर क्लिअर, किंमत समक्ष’ अशा ओळी दिसू लागतात. मसाई पठार, गगनबावडा, आंबा घाट इकडे सुट्टीच्या दिवशी चिखलात गाडी घालायचा नाद जिल्ह्यात चांगलाच वाढलाय. नवी थार खिशाला झेपत नाही, जिप्सी कंपनीने बंद केली, मग जुन्या गाडीचा शोध सुरू होतो. बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त मिळणारी गाडी पुष्कळदा विमा कंपनीने टोटल लॉस ठरवून लिलावात काढलेली असते. ती घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. ती कशापायी टोटल लॉस झाली, हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नये, एवढंच सांगायचं आहे.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’ अशी नोंद होते आणि दुरुस्तीनंतर तपासणी झाली तरी ‘रिबिल्ट’चा शिक्का राहतो. आपल्या आरसीवर तसलं काही उमटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण टोटल लॉस म्हणजे निकामी नव्हे. वाहून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून विम्यातल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणारा माणूस, गाडी टोटल लॉस धरतो. समजा आयडीव्ही ६ लाख आहे, तर शोरूमचं एस्टिमेट साडेचार लाखांच्या वर गेलं की संपलं. तेच काम उद्यमनगरात जुने पार्ट घालून निम्म्यात होतं. लिलावाचा सगळा धंदा या फरकावर उभा आहे आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. बेकायदेशीर आहे ते लपवणं.

म्हणून सुरुवात मालकाच्या जुन्या विमा पॉलिसीपासून करा. एकाच मालकाकडे पाच-सहा वर्षं राहिलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ४५-५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असायला हवा. तो शून्यावर किंवा २० वर दिसला, तर मध्ये क्लेम झालाय. कधी झाला ते विचारा. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या आसपासचा क्लेम असेल आणि गाडी कोल्हापूर, सांगली किंवा चिपळूणची असेल, तर पुढचं वेगळं सांगायला नको. विकणाऱ्याकडे सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि लिलावाच्या वेळचे फोटो असतातच, कारण त्याने गाडी त्या फोटोंवरूनच बोली लावून उचललेली असते. ‘फोटो नाहीत’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

मग चेसिस नंबर. अपघातातली मोडकी गाडी केवळ कागदांसाठी घ्यायची आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा, हा जुना उद्योग आहे. नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. महिंद्राचा नंबर ‘एमए१’ने सुरू होतो, मारुतीचा ‘एमए३’ने. नंबरची जागा रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या, आरटीओच्या फॉर्मवर घेतात तशी. ठोकलेल्या अक्षरांची खोली आणि ओळ सारखी हवी. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, चौकोनी वेल्डिंग किंवा तेवढ्याच भागात ताजा काळा रंग दिसला की उठावं. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर तशी नोंद आरसीत हवी. एम-परिवहन या सरकारी अॅपवर आरसी चालू आहे का, कर्जाचा बोजा आणि काळ्या यादीची नोंद आहे का ते दिसतं. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर तपासता येतं.

आता गाडीच्या खाली जाऊ. थार, बोलेरो, जिप्सी, जुन्या जीपगाड्या या सगळ्या शिडीच्या आकाराच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, बसतात. बॉडी चकाचक करणारे डेंटर गल्लोगल्ली आहेत. चेसिस मात्र खोटं बोलत नाही, फक्त तिला मोजावं लागतं. त्यासाठी टेप, खडू आणि गवंड्याकडचा ओळंबा पुरतो. गाडी सिमेंटच्या सपाट कोब्यावर लावा, चारही टायरांत सारखी हवा भरा. चेसिसच्या दोन्ही बाजूंना कंपनीने पाडलेली सारखी भोकं असतात, हँगरचे बोल्ट असतात. डावी-उजवी मिळून अशा चार जोड्या निवडा, प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूची खूण करा. मग गाडी बाजूला काढा. जमिनीवर गाडीचा नकाशाच उमटलेला असतो. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि उलट, असे कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरचा फरक चालून जातो. दहाच्या पुढे गेला तर चेसिस वाकलेली किंवा कर्णात सरकलेली आहे. प्रत्येक जोडीचा मध्य काढून पुढून मागे दोरी ताणली की चेसिस एका बाजूला ढकलली गेलीय का तेही कळतं. पीळ पडलाय का हे बघायला पाणी भरलेली लेव्हलची नळी वापरा.

यानंतर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक आला म्हणून लगेच चेसिसला दोष देऊ नका. पाट्याची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, गाडी असेल तर आधी पाट्याचा सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की एक्सल पाट्यावरून मागे-पुढे सरकतो आणि चेसिस सरळ असूनही अंतर बदलतं. हे काम काही शे रुपयांचं. चेसिसचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. मागच्या एक्सलचं हाउसिंग खड्ड्यात आपटून वाकलेलं असतं, तेही असंच मोजून कळतं. पुढच्या चाकांना लाकडी अडणी लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला. दोन्ही टायरांवर मधोमध खडूची खूण करून समोरच्या बाजूने दोन खुणांमधलं अंतर घ्या, मग चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणांचं मागच्या बाजूने घ्या. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत म्हणजे हाउसिंगला बाक आहे. अशी गाडी मागचे टायर आतून किंवा बाहेरून खात राहते आणि मालक बिचारा अलाइनमेंटच्या दुकानात फेऱ्या मारतो.

कंपनीचं वेल्डिंग एकसारखं, एका लयीत असतं. हाताचं वेल्डिंग गुठळ्यांचं असतं, म्हणून ते ग्राइंड करून वर काळं अंडरकोटिंग फासतात. दहा वर्षांच्या गाडीचं पोट नव्यासारखं काळं कुळकुळीत असेल तर ते कौतुकाचं नाही, संशयाचं आहे. छोट्या हातोडीने चेसिस ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणतो, गंजलेला किंवा आत चिखल भरलेला बद्द वाजतो. पठारावरची तांबडी माती चेसिसच्या पोकळीत बसते, पाणी निघायची भोकं बुजवते आणि उन्हाळाभर ओल धरून ठेवते. भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून आतली माती काढून बघा. मातीबरोबर गंजाचे पापुद्रे आले तर त्या जागी पत्रा किती उरलाय ते दाबून बघा.

उलटलेली गाडी ओळखायला छत आणि पुढच्या काचेची चौकट बघावी. दारांच्या फटी वर आणि खाली सारख्या हव्यात. चौकटीच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. पुट्टी भरलीय का हे बघायला पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा; पुट्टीवर ते चिकटत नाही.

एअरबॅगमधली एक लबाडी मात्र सविस्तर सांगायला हवी. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत आपोआप विझतो. पेटलाच नाही, तर दिवा काढलाय. काही कारागीर त्याहून हुशार. उघडून गेलेल्या एअरबॅगचा दिवा ते ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदम विझतात आणि गिऱ्हाइकाला शंका येत नाही. म्हणून चावी फिरवून इंजिन सुरू न करता थांबा. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा पेटलेला राहून एअरबॅगचा एकटाच विझला पाहिजे. स्कॅनर लावूनही खात्री करा. सीट बेल्ट झटक्याने ओढून अडकतो का आणि सोडल्यावर पूर्ण आत जातो का, तेही बघा.

बेल्टवरूनच पुराकडे येऊ, कारण पूर लपवणारे कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण बेल्ट क्वचितच बदलतात. तो शेवटपर्यंत बाहेर ओढा. तळाशी मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं तेव्हा ते लगेच ओसरत नाही. गाडी दोन-चार दिवस गाळात उभी राहते आणि खरं नुकसान त्या गाळाने होतं. सीटच्या रुळाचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या, फ्यूज बॉक्सची मागची बाजू, दाराच्या तळाची भोकं इथे बारीक गाळ सापडतो. वायरिंगचे कपलर (जोड) उघडून पिना बघा. हिरवट बुरशीसारखा थर आला असेल तर आज सगळं चालेल आणि पुढच्या पावसात एकेक सेन्सर बोंबलायला लागेल. पाणी फरशीपर्यंतच असेल तर गाडी सावरते. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर आमच्या मते फुकट मिळाली तरी घेऊ नये.

इंजिन गरम करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा. थंड इंजिनच खरं बोलतं. एअर फिल्टरचा डबा उघडून कोपऱ्यात गाळ आहे का बघा. चालत्या इंजिनने पाणी ओढलं की पिस्टनवर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड किंचित आखूड होतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही, त्या सिलिंडरचं कम्प्रेशन कमी भरतं. गाडी तशीही चालते, महिनोन् महिने चालते, आणि एक दिवस घाटात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्या. एकाचं इतरांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी आलं तर तिथेच थांबा.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) आणि पुढचं-मागचं डिफ्रन्सल यांचे लेव्हल प्लग स्वतःसमोर उघडायला लावा आणि बोट घालून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या नळीतून, पाणी गेलंय. नुकतंच बदललेलं स्वच्छ ऑइल असेल तर गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून पुन्हा बघा; आत पाणी उरलं असेल तर नवं ऑइलही पांढरं पडतं. फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर तपासू नका. चाकांना घसरायला जागा नसते, शाफ्टला पीळ बसतो आणि चांगला ट्रान्सफर केसही अडकतो. मोकळ्या मातीवर जा. फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवा. पुढून कट-कट आवाज आला तर पुढचे जॉइंट गेलेत. फोर लोमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद) पहिल्या गिअरवर चढ चढा आणि मध्येच अॅक्सिलरेटर सोडा. लिव्हर न्यूट्रलला उडाला तर ट्रान्सफर केस खोलावा लागणार. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तर ट्रान्सफर केसने आधीच बराच मार खाल्लेला असतो.

जळालेल्या गाडीबद्दल लिहीत नाही. वायरिंग जळालं असेल तर नको म्हणायचं.

सगळं पटलं तरी पैसे मोजण्याआधी विमा कंपनीला गाडी दाखवा. टोटल लॉसचा इतिहास असलेल्या गाडीला फुल इन्शुरन्स द्यायला काही कंपन्या तयार नसतात, आणि नुसत्या थर्ड पार्टीवर घाटात गाडी घालणं परवडत नाही. उंची वाढवलेले पाटे, मोठे टायर यांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावरचं बंधन, आडवं येतं, हेही लक्षात असू द्या. भाव ठरवताना त्याच सालच्या चांगल्या गाडीपेक्षा तिसरा हिस्सा तरी कमी मागावा. पुढे विकताना तुम्हालाही तेवढंच सोडावं लागणार आहे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असली तरी १४ दिवसांत नावावर करून घ्या.

आरटीओच्या नोंदीत टोटल लॉसचा रकाना यावा, ही मागणी सरकारदरबारी जाईल तेव्हा जाईल. आपल्या हातात मात्र एक गोष्ट आजच आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिराती घेताना फॉर्मवर ‘टोटल लॉस क्लेम : झाला / नाही’ अशी एक ओळ घालावी आणि भरल्याशिवाय जाहिरात छापू नये, ही विनंती.

आपले,
शिवाजी उद्यमनगरातील काही गॅरेजवाले, कोल्हापूर