पर्याय चार, गोष्ट एकच

महोदय,

रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर पानभर मजकूर आला, आनंद झाला. पण सगळा भर नकाशा केवढा, ग्राफिक्स कसे आणि गेम किती तास पुरतो यावरच. कथेच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी. अहो, रात्री जेवणं आटोपून आम्ही आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, लावतो ते कथेसाठीच!

‘फॉलआउट ४’ आणि ‘द विचर ३’ दोन्ही २०१५चे, दोन्ही अवाढव्य. फॉलआउटमध्ये समोरचा बोलला की उत्तराला चार पर्याय. हो म्हणा, टोमणा मारा, आणखी काही विचारा. बहुतेकदा गाडी त्याच स्टेशनात. आपलं तान्हं मूल पळवलेलं, आणि आपण वस्त्यांसाठी भंगार गोळा करत हिंडतोय. (विचरमध्ये नायकाच्या मानलेल्या मुलीला, सिरीला शोधायचं सोडून मीही ग्वेंटचे पत्ते कुटत बसते, पण ते पत्तेच तसे आहेत.)

विचरमधला ब्लडी बॅरन बघा. दारू पिऊन बायकोला मारणारा. बायको-मुलगी निघून गेल्यात, शोधून द्या म्हणतो. गर्भातच गेलेलं त्याचं मूल पिशाच्च झालंय. त्याला मारून टाकता येतं, किंवा बॅरनच्याच हातांवर देऊन, नाव ठेवून, उंबऱ्याखाली पुरता येतं. पुढे दलदलीतल्या चेटकिणी टेकडीखालच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला मारायला पाठवतात. तो म्हणतो, मला सोड, चेटकिणींकडच्या अनाथ पोरांना वाचवतो. सोडला तर पोरं वाचतात, पण शेजारचं गाव उद्ध्वस्त होतं, चेटकिणींच्याच तावडीत सापडलेली बॅरनची बायको दगावते आणि बॅरन गळफास घेतो. मारला तर बायको भ्रमिष्ट होऊन का होईना जगते, पोरं मात्र दिसेनाशी होतात. निर्णय घेताना बॅरनचा विषयही निघत नाही. सगळं उलगडतं तोवर जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला टप्पा) उघडायचा तर बराच खेळ पुन्हा खेळावा लागतो.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) ड्रुइडांच्या (निसर्गपूजक जादूगारांच्या) वनावर चालून जाणाऱ्यांना साथ दिली, तर विल आणि कार्लाक हे साथीदार आपल्याला सोडून जातात. त्यांच्यासाठी लिहिलेली, नटांनी आवाज दिलेली पुढची गोष्ट त्या खेळाडूला दिसतच नाही. एवढा खर्च करून केलेलं काम कुणाच्या नजरेस पडणार नाही, हे सोसायला बड्या कंपन्या सहसा तयार नसतात. म्हणून मग चार पर्याय देऊन एकच गोष्ट सांगितली जाते.

तेव्हा पुढच्या परीक्षणात तासांच्या आकड्याशेजारी एवढंही छापा: समीक्षकाने वेगळे निर्णय घेऊन गेम दुसऱ्यांदा खेळला का, आणि काय बदललं?

आपली,
एक कर सल्लागार, मिरज