शिबा की अकिता : चि. मेधास पत्र

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

घरात कुत्रा आणायचा तर शिबा आणावा की अकिता, या दोन जपानी जातींवरून तुमच्यात दोन तट पडले आहेत आणि निवाडा माझ्याकडे सोपवला आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. पशुवैद्यकीय नोकरीत माझे आयुष्य प्रामुख्याने गाई-म्हशींत गेले. तरी कुत्र्यांच्या जातींचा नाद मला पूर्वीपासून आहे, हे तू जाणतेसच. निखिलरावांची नाराजी पत्करून मी माझे मत आधीच सांगतो, ते शिबाच्या बाजूचे आहे. कारणे मात्र सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला ती तपासून पाहता येतील.

उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी लोकर पाहून आपल्याकडच्या पांढऱ्या पॉमची आठवण येणे साहजिक आहे, आणि कूळही तेच आहे. पण स्वभावाचा अंदाज त्यावरून बांधू नये. शिबा डोंगरातल्या दाट झुडपांतून पक्षी आणि लहानसहान शिकार उठवत असे. हे काम मालकाच्या नजरेआड, स्वतःच्या अकलेने करायचे असल्यामुळे, हाक ऐकून लगेच परतणारा कुत्रा त्यासाठी फारसा उपयोगाचा नव्हता. अकिता उत्तरेकडच्या हिमाच्छादित ओदाते भागातला. अस्वलासारख्या मोठ्या जनावरापुढे उभे राहणे हे त्याच्या पूर्वजांचे काम होते, आणि पुढे कुत्र्यांच्या झुंजींसाठी त्यात बाहेरचे रक्तही मिसळले गेले. ती जात पुन्हा शुद्ध करण्याचे प्रयत्न नंतर झाले आणि 1931 साली तिला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. शिबाला तो 1936 साली मिळाला. शिबा मनमानी करतो ती बहुधा आपल्यापुरती, म्हणजे यायचे की नाही, थांबायचे की नाही एवढीच. अकिता मात्र दाराशी आलेल्या परक्या माणसाचे आणि रस्त्यात भेटलेल्या कुत्र्याचे काय करायचे, हेसुद्धा स्वतःच ठरवू पाहतो.

म्हणून शहाणा कुत्रा कोणता, हे विचारू नका; दोन्ही शहाणे आहेत आणि दोन्ही एखाद्या दिवशी तुमचे ऐकणार नाहीत. त्या दिवशी काय होईल, एवढेच मनाशी धरा. शिबाचा नर सुमारे 40 सेंटीमीटर उंच आणि दहा किलोच्या आसपास असतो. त्याने पट्टा ओढला तर तू त्याला एका हाताने आवरशील. अकिताचा नर 67 सेंटीमीटरच्या घरात जातो, चाळीस किलो वजन त्याला जड नसते, आणि समोरून त्याच्याच लिंगाचा दुसरा कुत्रा आला की त्याचे बिनसण्याचा संभव बराच असतो. एका हातात इराचा हात धरून तू बागेत चालली असशील, तेव्हा दुसऱ्या हातात ती ताकद असावी, हे मला पटत नाही.

हाचिको या अकिता कुत्र्याचा दाखला निखिलरावांनी दिला आहे. 1925 साली मालक गेल्यानंतर 1935 साली स्वतः मरेपर्यंत तो टोकियोच्या शिबुया रेल्वे स्थानकावर त्याची वाट पाहत येत राहिला, ही हकीकत खरी आहे आणि जातीच्या निष्ठेबद्दल मलाही शंका नाही. पण त्या हकीकतीत भाड्याचे घर नाही, चार वर्षांचे मूल नाही आणि शेजाऱ्याचा कुत्रा नाही. शिवाय तुम्ही राहता त्या त्सुकुबावर इबाराकी प्रांताचे नियम लागू आहेत, आणि त्यांत अकिता हा पिंजऱ्यात बंदिस्त ठेवण्याच्या जातींपैकी एक आहे. शहरातल्या सदनिकेत हे कसे जमवणार? घराच्या करारात पाळीव प्राण्याला परवानगी असली तरी ती अनेकदा लहान कुत्र्यापुरतीच असते. वजनाची अट आहे का, हे कृपया आजच पाहून घ्या, कारण दहा किलोची अट असली तर थोराड शिबाही त्यात बसणार नाही. माझा कल मादीकडे आहे, त्याचे हेही एक कारण आहे.

शिबा सोपा आहे असे मात्र समजू नका. मोकळ्या जागी पट्टा सुटला की तो हाकेला भीक घालत नाही, म्हणून सैल गळपट्ट्याऐवजी अंगाला नीट बसणारा छातीपट्टा वापरावा आणि दार उघडताना तो कुठे आहे हे आधी पाहावे. मिठीत घेतलेले त्याला सहसा रुचत नाही, आणि इराला हे शिकवावे लागेल. नखे कापताना कित्येक शिबा अशी किंकाळी फोडतात की शेजारी धावून यावेत. यावर उपाय एकच : पिल्लू घरी आल्या दिवसापासून रोज एक पंजा हातात घ्यावा, बोटे हलकेच दाबावीत, नखाला कात्री नुसती टेकवावी, लगेच खाऊ द्यावा आणि पंजा सोडून द्यावा, कापणे पुढे, पिल्लू पंजा ओढेनासे झाल्यावर. कान नेहमीच उभे आणि शेपटी नेहमीच वळलेली असल्यामुळे या कुत्र्यांची नाराजी चटकन कळत नाही. उघडे तोंड एकाएकी मिटले, अंग ताठ झाले आणि नजर खिळली, की मुलीला बाजूला घ्यावे.

एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. कांदा कोणत्याही कुत्र्याला बाधतो, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. पण काही शिबा आणि अकितांच्या तांबड्या पेशींची घडण जन्मतःच अशी असते की ही बाधा अधिक तीव्र होते. पोहे, आमटी, भाजीचा रस्सा यांतले काहीही, अगदी चाटण्यापुरतेही, त्याला देऊ नये. तुझी आई तिकडे आली की तिलाही हे बजावावे लागेल, कारण ताटातला घास काढून ठेवल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

पिल्लू दुकानातून न घेता पैदासकाराकडून घ्यावे. 56 दिवसांखालील पिल्ले विकण्यास जपानात 2021 पासून बंदी आहे, पण देशी जातींचे पिल्लू पैदासकाराकडून थेट घेतल्यास 49 दिवसांनंतरही मिळू शकते. ती सवलत घेऊ नका. चावा किती जोरात घ्यायचा, हे पिल्लू आईजवळ आणि भावंडांत शिकते, आणि तो आठवडा पुढे भरून काढणे कठीण जाते. आईबापांच्या जीएम-1 या आनुवंशिक विकाराच्या तपासणीचा दाखला मागा, घराण्यात काचबिंदू किंवा त्वचेची खाज आहे का तेही विचारा, आणि मुख्य म्हणजे पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा. परके आल्यावर ती कोपऱ्यात दडत असेल किंवा गुरगुरत असेल, तर पिल्लू कितीही देखणे असले तरी नमस्कार करून परत या.

कराराची अट आणि पैदासकाराचे उत्तर मिळाले की मला कळवावे. निखिलरावांना नमस्कार, इराला गोड पापा.

तुझे,
बाबा