पुढच्या ब्रेकचा आवाज दाबू नका, शोधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुचाकीच्या पुढच्या ब्रेकमधून येणाऱ्या आवाजाबद्दल लिहितोय. विषय बारीक वाटेल, पण रोज गाडीवर जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे, म्हणून थोडी जागा द्यावी ही विनंती.

झालं असं की माझ्या गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक हळू दाबला की चीं करायचा आणि जोरात दाबला की गप्प. गॅरेजला नेली, तिथल्या मुलाने पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) काढले, पॉलिश पेपरवर घासले, परत बसवले, आवाज गेला. पंधरा दिवसांनी परत सुरू. मग नवीन पॅड टाकले, परत शांत. मी पण निर्धास्त, कारण आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असंच आपण धरून चालतो. काही महिन्यांनी मात्र चीं च्या जागी खर्र असा आवाज यायला लागला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, आणि ब्रेक नाही दाबला तरी बारीक यायचाच. मी टॉर्च लावून बाहेरून बघितलं तर बाहेरचा पॅड चांगला जाड दिसला, म्हटलं पॅड तर आहेत, अडकली असेल माती-बिती. तसाच आणखी काही दिवस गाडी चालवत राहिलो. चूक माझी होती आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

नंतर दुसऱ्या एका मेकॅनिकने कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, उतरवला आणि दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले. बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. आतला, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा, पार संपलेला, लायनिंग (घासणारा थर) नावालाही नाही, नुसती लोखंडी पट्टी आणि ती पण घासून चकचकीत झालेली. डिस्कच्या आतल्या अंगाला नख अडकेल एवढे चर पडलेले. मग त्याने कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन ओढून दाखवली, हाताने निघेना, पकडीत धरून पिळत पिळत काढावी लागली. वरचा रबरी बूट, म्हणजे पिनेचं टोपण, फाटलेला, तिथून पाणी जाऊन पिन गंजलेली, ग्रीसचा पत्ता नाही.

बऱ्याच गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. लिव्हर दाबला की पिस्टन त्याच्या बाजूचा पॅड (माझ्या गाडीत आतला) डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूच्या पॅडला पण डिस्कवर आणतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, मग जवळपास सगळं काम पिस्टनच्या बाजूच्या एकट्या पॅडवर येतं आणि लिव्हर सोडल्यावर तो नीट सुटत पण नाही, म्हणून तो आधी संपतो आणि तो आतला असेल तर बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पहिल्याच वेळी पॅड काढले होते तेव्हा कोणी पिन हलवून बघितली असती तर साफसफाई, थोडं ग्रीस आणि एक रबर एवढ्यावर भागलं असतं. माझी डिस्कच बदलावी लागली. किती जाडीच्या खाली डिस्क वापरायची नाही हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, कृपया एकदा वाकून वाचा.

आता माझी सगळ्यांना कळकळीची विनंती अशी की मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं आवाज येतोय म्हणू नका, कधी येतो ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा शर्र, शर्र असा ठेक्यात येतो का, तर डिस्क वाकडी असेल किंवा एका जागी काही चिकटलं असेल. ब्रेक दाबताना टक् असा एकच आवाज येतो का, तर पॅडवरची स्प्रिंग बसवायची राहिली असेल, कॅलिपरचा बोल्ट ढिला असेल (असं वाटलं तर गाडी तिथेच थांबवा), नाहीतर तो ब्रेकचा आवाजच नसेल, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) ढिला असेल. कोनसेट ढिला आहे का हे घरी पण बघता येतं, पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि गाडी पुढे-मागे हलवायची, हँडलच्या खाली जोडावर बोटं ठेवली तर ढिलेपणा हाताला जाणवतो. घूं असा आवाज स्पीडबरोबर वाढतो आणि ब्रेक दाबला-सोडला तरी फरक पडत नाही, तर आधी व्हील बेअरिंग बघा. आणि गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर ओल्यात राहिल्यावर पहिले दोन-चार ब्रेक खरखर करतात तो डिस्कवरचा पातळ गंज असतो, तो लगेच जातो, त्याला घाबरायचं कारण नाही.

डबल स्टँडवर लावून पुढचं चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवलं तरी पुष्कळ कळतं. हलकं घासणं चालतं, पण दोन फेऱ्यांत चाक अडकून थांबत असेल तर ब्रेक धरून राहिलाय. थोडं फिरवून आणल्यावर डिस्क वाजवीपेक्षा जास्त तापलेली असणं हे पण तेच लक्षण, फक्त बोट लावू नका, भाजतं, पाण्याचा थेंब टाकून बघा.

एक गोष्ट मात्र फार वाईट चालते. आवाज बंद करायला डिस्कवर ऑइल किंवा स्प्रे मारायचा. आवाज बंद होतो हे खरं, कारण ब्रेकच लागत नाही! पॅडमध्ये तेल मुरलं की ते पॅड फेकूनच द्यावे लागतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, आणि त्याच चाकावर तेल सोडायचं, हे कुणी आपल्या मुलाच्या गाडीला करेल का? डिस्क पुसायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ग्रीस फक्त पिनेला, ते पण ब्रेकसाठीचंच. पुढे ड्रम असेल तर आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

नवीन पॅड टाकल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर चार-पाच वेळा दाबून कडक लागतोय ना बघा, पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि हे गाडी हातात देताना सांगणारे फार कमी भेटतात.

गॅरेजवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे की कामाची घाई असते हे समजतं, पण पॅडला हात लावाल तेव्हा पिन बाहेर काढून बघाच, आणि उतरवलेले पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोन्ही, आतला पण.

आपला,
रोज दुचाकी चालवणारा एक वाचक