तक्रार पत्र: ‘सिंथेटिक’ म्हणून गळ्यात मारलेल्या भुशाच्या फळ्या

दि. ३ नोव्हेंबर २०२५
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पीव्हीसीच्या (निव्वळ प्लास्टिकच्या) फळ्या मागितल्या असता लाकडाच्या भुशाच्या फळ्या बसवल्याबाबत

महोदय,

आमच्या घराच्या परसदारी तुमच्या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये वीस बाय बारा फुटांचा डेक, म्हणजे उघड्यावरचा फळ्यांचा ओटा, बसवून दिला. फळ्या, खालची फ्रेम आणि मजुरी मिळून ९६,००० रुपये मी चुकते केले. जूनमध्ये पाऊस लागला. ऑगस्ट उजाडेपर्यंत फळ्या फुगून एकमेकींना रेटू लागल्या, भिंतीकडच्या चार फळ्या तर उंबऱ्याएवढ्या उचलल्या गेल्या. वर काळ्या बुरशीचे ठिपके. गौरीच्या सणाला आलेली माझी नणंद तिथे घसरली. दारातली तुळस हाताशी होती म्हणून निभावले.

तुमच्या कॉल सेंटरला तीनदा फोन केला. एकदा कन्नडमध्ये बोलले, एकदा हिंदीत, एकदा जमेल तशा इंग्रजीत. तिन्ही भाषांत उत्तर एकच मिळाले, म्हणून चौथ्या खेपेला आपल्या भाषेत लिहिते आहे. सप्टेंबरमध्ये तुमचा माणूस आला, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला आणि गेला. नंतर व्हॉट्सअॅपवर निरोप आला: पावसाळी भाग आहे, देखभाल कमी पडली.

पावसाळी भाग आहे हे मी कधी लपवले होते? मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी आमच्या याच रस्त्यावर पुढे आहे. चार महिने कपडे चुलीपाशी वाळवणारी माणसे आम्ही. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी हेच सांगितले आणि विचारले, यात लाकूड अजिबात नसलेली फळी कुठली? तुमच्या विक्रेत्याने दोन नमुने पुढे ठेवले आणि म्हणाला, “मॅडम, दोन्ही सिंथेटिकच. एक जरा लाकडासारखी दिसते, इतकाच फरक.” बिलावरही ‘सिंथेटिक डेक’ एवढेच लिहिले आहे. कशाची फळी, त्याचा पत्ता नाही.

फरक इतकाच नव्हता. पीव्हीसीची फळी सगळी प्लास्टिकची असते, ती पाणी पीत नाही. तुम्ही बसवलेली फळी म्हणजे वितळवलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून साच्यातून दाबून काढलेली. भुशामुळे तिला ताठपणा येतो, ती स्वस्तही पडते, पण भुसा शेवटी लाकूडच. ओल धरतो, फुगतो आणि बुरशीला खायलाही मिळते. चांगल्या प्रतीच्या अशा फळीवर प्लास्टिकचे पातळ आवरण असते, ते चारही बाजूंनी असले तर पाणी बरेच अडते. आमच्या फळीला आवरणच नाही. दिवाळीत पणतीचे तेल सांडले त्याचा डाग अजून जसाच्या तसा आहे.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझे वडील सुतार होते, खानापूरच्या सागवानावर त्यांची उभी हयात गेली. लाकडाचा वास मला ओळखता येतो. तुमच्या फिटिंगवाल्यांनी टाकून दिलेला एक तुकडा करवतीने कापला तर घरभर भुशाचा वास सुटला. मग तो तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ४१२ ग्रॅम भरला. आठ दिवस बादलीत बुडवून, पुसून पुन्हा ठेवला, ४२७. पंधरा ग्रॅम पाणी प्यायलेल्या वस्तूला तुम्ही काय म्हणता ते कळवा.

भुशाची फळी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. बेळगावात टिळकवाडीतल्या एखाद्या छपराखालच्या गॅलरीत ती छान राहील. पीव्हीसीचेही दोष मला ठाऊक होते: उन्हात तापते, उष्णतेने लांबीला वाढते, दिसायला प्लास्टिक ते प्लास्टिकच. आमच्याकडे कडक ऊन दोन-अडीच महिने आणि ओल त्याच्या दुप्पट. त्यामुळे मी पीव्हीसीचीच निवड केली होती. ही निवड तुमच्या माणसाने मला न सांगता बदलली, तक्रार त्याची आहे.

बसवण्याचे कामही बघा. तुमच्याच खोक्यात निघालेल्या पत्रकात फ्रेमचे पाइप मध्यापासून मध्यापर्यंत ४० सेंटीमीटरवर घ्यावेत असे छापले आहे. मी टेपने मोजले, ६० आहेत. दोन फळ्यांमध्ये आणि भिंतीकडे फट ठेवायची असते, ती जवळजवळ नाहीच. फुगलेली फळी जाणार कुठे? वरच जाणार. फळ्या पोकळ आहेत आणि त्यांची तोंडे उघडीच सोडली आहेत. त्यात पाणी साचून डासांची सोय मात्र उत्तम झाली. यात देखभाल माझी कुठे कमी पडली? दर रविवारी खराटा मारत होते.

तेव्हा, सध्याचा डेक तुमच्या खर्चाने उचलून न्या आणि त्या जागी भुसा नसलेल्या पीव्हीसीच्या फळ्या पत्रकाप्रमाणे अंतर ठेवून बसवा. दरात जो खरा फरक असेल तो मी देईन, फुकट काही नको. ते जमत नसेल तर पूर्ण ९६,००० रुपये परत करा. दोन्ही बाबतींत नवे बिल हवे आणि त्यावर माल कशाचा आहे ते स्पष्ट लिहिलेले हवे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तुमचे मुख्य कार्यालय लांब आहे ही अडचण माझी नाही. तक्रार करायची दोन वर्षांची मुदतही अजून बरीच शिल्लक आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(निवृत्त शिक्षिका)

सोबत: बिलाची प्रत, सात फोटो, कंपनीचे पत्रक आणि फळीचा तुकडा एक. तुकडा आता वाळलेला आहे. बादली तुमच्याकडे असेलच.