‘सिद्ध झाले’ म्हणण्याआधी कोणते विश्व, ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुत्वाकर्षण आणि एंटँगलमेंट (दोन पुंज म्हणजे क्वांटम प्रणालींची अवस्था एकमेकींत अशी गुंतणे, की त्यांचे वेगवेगळे वर्णन करता येत नाही) यांच्या नात्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला पानभर जागा द्यावी याचा मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातली चूक फार लागली. ‘अवकाश एंटँगलमेंटच्या धाग्यांनी विणले आहे, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे लेखात ठळक अक्षरांत आहे. यासाठीचे सर्वांत भक्कम गणित झाले आहे ते एका वेगळ्याच, कागदावरच्या विश्वाचे. आपण राहतो त्या विश्वाबद्दल असे काहीही सिद्ध झालेले नाही.

या दोन विषयांची गाठ पडली ती कृष्णविवरांच्या हिशेबात. कृष्णविवराला एन्ट्रॉपी (आतल्या रचना किती प्रकारे होऊ शकतात याचे माप) असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, असे बेकेनस्टाइन यांनी १९७२-७३ मध्ये मांडले. पुढे हॉकिंग यांनी कृष्णविवराचे तापमान काढले आणि गुणक पक्का झाला: प्लांक लांबी या अतिसूक्ष्म लांबीच्या वर्गाने मोजलेल्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा. सूर्याच्या वस्तुमानाचे कृष्णविवर शनिवारवाड्यावर ठेवले अशी कल्पना करा. त्याची त्रिज्या साधारण ३ किलोमीटर, म्हणजे स्वारगेट आणि पुणे स्टेशन दोन्ही त्याच्या पोटात. त्याची एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात एकावर ७७ शून्ये इतकी येते. खुद्द सूर्याची येते एकावर सुमारे ५८ शून्ये. पण या अजस्र आकड्याहून जास्त चकित करते ते क्षेत्रफळ. पोत्यात किती गहू मावतो हे पोत्याच्या आतल्या जागेवरून न ठरता त्याच्या कापडावरून ठरावे, तसा हा प्रकार आहे.

कापडावरून का, याचे एक उत्तर पुंज क्षेत्र सिद्धांताकडे (क्वांटम फील्ड थिअरी) आहे. बॉम्बेली, कौल, ली आणि सॉर्किन यांनी १९८६ मध्ये, आणि स्रेडनिकी यांनी १९९३ मध्ये ते गणिताने दाखवले. या सिद्धांतात निर्वात म्हणजे निव्वळ रिकामी जागा नव्हे. शेजारशेजारच्या बिंदूंवरचे क्षेत्र एकमेकांशी एंटँगल झालेले असते. मनाने एक गोल आखा आणि आतले सगळे विसरून जा. मग बाहेरच्या भागाला जी एन्ट्रॉपी येते ती गोलाच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते, कारण मुख्यतः सीमेलगतच्या जोड्याच तुटतात. साध्या, वस्तुमान नसलेल्या क्षेत्रासाठी स्रेडनिकींचा आकडा आहे ०.३० गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्रिज्या जाळीतल्या अंतराच्या पटीत मोजलेली (हिशेबासाठी अवकाशाऐवजी ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची जाळी घेतात).

याचीच एका मितीतली धाकटी आवृत्ती पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या टी.वाय. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर तासाभरात करून पाहता येते. एका ओळीत २०० गोळ्या, शेजारच्या गोळ्या स्प्रिंगने जोडलेल्या, दोन्ही टोके भिंतीला बांधलेली. या स्प्रिंगांच्या जोडणीचा मॅट्रिक्स सोपा आहे: कर्णावर २, त्याच्या दोन्ही बाजूंना उणे १, बाकी शून्य. त्याच्या वर्गमुळाचे निम्मे म्हणजे संवेगांचे परस्परसंबंध, वर्गमुळाच्या व्यस्ताचे निम्मे म्हणजे स्थानांचे. दोन्हींतून पहिल्या १० गोळ्यांचा तुकडा कापून घ्या, दोन्ही तुकड्यांचा गुणाकार करा, त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढा आणि प्रत्येकीचे वर्गमूळ घ्या. त्या प्रत्येक संख्येत अर्धा मिळवा आणि उत्तराला त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणा. मग अर्धा वजा करून तेच करा. पहिल्यातून दुसरे वजा करून सगळ्यांची बेरीज केली की एन्ट्रॉपी मिळते. आता १० ऐवजी २० गोळ्या घ्या. एन्ट्रॉपी दुप्पट होत नाही, ०.११ च्या आसपास वाढते, कारण तुकडा लांबला तरी सीमा तेवढीच राहते, एका बिंदूची.

यात दोन ठिकाणी हमखास अडते. भिंती काढून ओळीचे कडे केले, की अख्खे कडे एकदम सरकण्याला काहीच विरोध उरत नाही, मॅट्रिक्सची एक आयगेनव्हॅल्यू शून्य होते आणि व्यस्त काढता येत नाही. तेव्हा कर्णावर अगदी लहानशी संख्या मिळवावी लागते. दुसरे म्हणजे, ती वर्गमुळे अर्ध्याहून कमी असूच शकत नाहीत, पण संगणकाच्या दशांश कापाकापीत एखादे ०.४९९९९… असे येते, ऋण संख्येचा लॉगॅरिदम मागितला जातो आणि सगळे उत्तर कोसळते. अशी संख्या अर्धा धरायची आणि तिचा बेरजेतला वाटा शून्य मानायचा.

या हिशेबात मात्र एक मोठी खोच आहे. जाळीतले अंतर कमी करत नेले की एन्ट्रॉपी अनंताकडे जाते. ०.३० हा आकडा त्या विशिष्ट जाळीचा आहे, तर हॉकिंग यांचा एकचतुर्थांश कोणत्याच जाळीचा नाही. म्हणजे क्षेत्रफळ जुळले, गुणक जुळला नाही.

गुणक जुळला तो २००६ मध्ये, रियू आणि ताकायानागी यांच्या सूत्रात. पण कुठे? अँटी-डी सिटर विश्वात, ज्याच्या आतल्या भागाचे आणि कडेचे नाते माल्दासेना यांनी १९९७ मध्ये मांडले. तिथे वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाचीच ऊर्जा दाखवणारा आकडा, उणा असतो आणि विश्वाला एक कड असते. कडेवर गुरुत्वाकर्षण नसलेला पुंज क्षेत्र सिद्धांत राहतो, आत गुरुत्वाकर्षण. कडेवरच्या एका भागाची एंटँगलमेंट एन्ट्रॉपी काढायची तर आतल्या बाजूने त्या भागाला झाकणारा सर्वांत लहान पडदा शोधायचा आणि त्याच्या क्षेत्रफळाचा तोच चौथा हिस्सा घ्यायचा. व्हॅन राम्सडोंक यांनी २०१० मध्ये पुढचा प्रश्न विचारला: कडेच्या दोन अर्ध्या भागांतले एंटँगलमेंट हळूहळू काढून घेतले तर आत काय होईल? पडद्याचे क्षेत्रफळ आकसते, मधली मान बारीक होते, दोन्हीकडचे बिंदू एकमेकांपासून लांब जातात आणि शेवटी अवकाशाचे दोन तुकडे पडतात. लेखातले ‘धागे’ ते हेच. विचार अतिशय देखणा आहे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून आपल्या विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले, म्हणजे इथला स्थिरांक अधिक चिन्हाचा ठरतो. आपल्या विश्वाला तशी कड नाही. हे धागे बांधायला इथे खुंटीच सापडलेली नाही.

लेखात ‘प्रयोगशाळेत वर्महोल तयार केले’ असेही आहे. २०२२ च्या त्या प्रयोगात एका चिपवर ९ क्यूबिट (पुंज संगणकाचे बिट) आणि त्यांच्यावर दोन-दोन क्यूबिटांच्या १६४ क्रिया होत्या. अवकाशात कुठेही भोक पडले नाही. ज्या प्रारूपाचे गणित वर्महोलच्या गणिताशी मिळतेजुळते आहे, त्याची मशीन लर्निंगने छाटून पाच पदांवर आणलेली आवृत्ती चिपवर चालवली गेली. ती पाचही पदे एकमेकांशी क्रमनिरपेक्ष आहेत, म्हणजे कोणत्याही क्रमाने गुणली तरी उत्तर तेच येते. इतक्या सोप्या प्रणालीतून गुरुत्वाकर्षणासारखे वागणे खरोखर दिसते का, हा आक्षेप २०२३ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी तपशिलाने घेतला. लेखात त्याचा उल्लेख हवा होता. आणि लेखात म्हटल्याप्रमाणे एंटँगलमेंटने ‘क्षणात संदेश’ जात नाही. सोबत नेहमीच्या वाटेने माहिती पाठवावीच लागते.

सर्वांत जास्त खटकली ती एक अनुपस्थिती. याच शहरात, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र-खगोलभौतिकी केंद्रात, भौतिकशास्त्रज्ञ थाणू पद्मनाभन यांनी १९९२ पासून २०२१ मधल्या त्यांच्या निधनापर्यंत काम केले. क्षितिजावर आइन्स्टाइनची समीकरणे ऊष्मागतिकीच्या (उष्णता आणि एन्ट्रॉपीच्या शास्त्राच्या) नियमासारखी वाचता येतात, हे त्यांनी एकेका उदाहरणातून दाखवले. जेकबसन यांनी १९९५ मध्ये ऊष्मागतिकीतूनच ती समीकरणे काढली होती. या वाटेला उणा स्थिरांक लागत नाही, कड लागत नाही. अवकाशाचे ‘अणू’ नेमके कोणते, हे तिथेही अजून कळलेले नाही. पण पुण्याच्या दैनिकातल्या पानभर लेखात पद्मनाभन यांचे नाव नसावे, याचे वाईट वाटले.

आपल्या स्वतःच्या विश्वातच तपासता येईल असा एक प्रस्ताव मात्र आहे. सुगातो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसेच स्वतंत्रपणे मार्लेटो आणि वेद्राल यांनी, तो २०१७ मध्ये मांडला. सुमारे दोन मायक्रोमीटर व्यासाचे हिऱ्याचे दोन कण, प्रत्येकाचे वस्तुमान किलोग्रॅमचा एक भागिले शंभर लाख कोटी इतका अंश. प्रत्येक कण एकाच वेळी २५० मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन जागी, आणि त्यांच्या सर्वांत जवळच्या जागांमध्ये २०० मायक्रोमीटर. त्याहून बरेच जवळ आणले तर कॅसिमिर बल (निर्वाताच्या पुंज चढउतारांतून येणारे आकर्षण) गुरुत्वाकर्षणावर मात करते. ही स्थिती अडीच सेकंद टिकली तर सर्वांत जवळच्या दोन जागांसाठी फक्त गुरुत्वाकर्षणाने कलेत (पुंज तरंगाच्या फेजमध्ये) पडणारी भर सुमारे ०.८ रेडियन निघते, म्हणजे मोजता येण्याजोगी. दोन कण एंटँगल झालेले आढळले तर गुरुत्वाकर्षणाला पुंज स्वरूप आहे, असा हा युक्तिवाद. अडचण वस्तुमानाची आहे. २०१९ मध्ये व्हिएन्नात ज्या रेणूंचे व्यतिकरण (तरंगांसारखे एकमेकांत मिसळणे) दिसले ते सुमारे २५ हजार अणुभार एककांचे होते, आणि हे कण त्यांच्या सुमारे २५ कोटी पट जड आहेत. हवेचा एखादा रेणू आदळला तरी सगळे विस्कटते.

लेखातल्या त्या ठळक वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि पुढच्या एखाद्या रविवारी तेवढीच जागा या प्रयोगाला द्यावी, ही विनंती.

आपले,
भौतिकशास्त्र शिकवणारे दोन वाचक, पुणे