मोंजुइकच्या टेकडीवरून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बार्सिलोनाला गेलास की मोंजुइकची टेकडी पायी चढ, असे तू बजावले होतेस. काल ते केले. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा सुमारे 3.8 किलोमीटरचा तो जुना मार्ग म्हणजे बागेतून जाणारा साधा डांबरी रस्ता, आणि त्यावरून आता बसगाड्या जातात. ऑलिंपिक स्टेडियमच्या पुढे रस्ता किंचित उंचावतो आणि एकाएकी खाली उतरतो. बसमधल्या माणसाला तो उंचवटा जाणवणारही नाही, पण शर्यतीची मोटार तेथे जमीन सोडत असे. मी तेथेच बराच वेळ उभा होतो.

1969 मध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या लोटस संघाच्या दोन्ही चालकांच्या मोटारींचे उंच दांड्यांवर बसवलेले, वाऱ्याच्या जोराने मोटार रस्त्यावर दाबून धरणारे पंख याच टापूत, एकाच शर्यतीत मोडले. रिंटची मोटार हिलच्या मोडून पडलेल्या मोटारीवर आदळली; दोघेही वाचले, हे नवलच. तसे उंच पंख त्यानंतर लगेच बंद झाले.

1975 ची हकिकत मात्र तुला, उभा जन्म पाने-बोल्टांत घालवलेल्या माणसाला, अधिक लागेल. कडेच्या लोखंडी कठड्यांचे कितीतरी बोल्ट सैल असल्याचे पाहून चालकांनी सरावाला नकार दिला, तेव्हा संघांचे मेकॅनिक, आणि त्यांच्याबरोबर खुद्द संघमालक केन टायरेल, हातात पाने घेऊन ते आवळत फिरले. आदल्या वर्षीचा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी याने सरावात नियमापुरत्या संथ फेऱ्या मारल्या आणि शर्यत न धावता तो घरी निघून गेला. (त्या गर्दीत सर्वांत शहाणा तोच, असे माझे मत.) 27 एप्रिलला आघाडीवर असलेल्या रोल्फ स्टोमेलेनच्या मोटारीचा मागचा पंख मोडला, मोटार कठड्यापलीकडे गेली आणि पाच जणांचा बळी गेला. शर्यत 29 फेऱ्यांतच थांबवून निम्मे गुण वाटले गेले. सहाव्या आलेल्या लेला लोंबार्डीला मिळालेला अर्धा गुण हा फॉर्म्युला वनच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत स्त्री-चालकाने मिळवलेला आजवरचा एकमेव गुण आहे. पण त्या दिवशी त्याचे कौतुक कोण करणार?

सगळ्यांचे डोळे कठड्यांच्या बोल्टांवर असताना मोडला तो पुन्हा पंखच. आणि स्टोमेलेनची ती मोटार कोणाच्या संघाची होती, माहीत आहे? ग्रॅहम हिलच्या.

फॉर्म्युला वन येथे परत आली नाही. मोटारसायकलींची 24 तासांची शर्यत मात्र 1986 पर्यंत चालली. बाकी भेटीअंती.

तुझा स्नेही