एकसष्ट ते सत्तर : दातांच्या डॉक्टरांना एका बाईंचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. विचारलं तेव्हा तुम्ही "बाई, नाव नको" एवढंच म्हणालात. पण पत्र चारचौघांत वाचलं जावं असं मला वाटतं. माझ्या वयाची कितीतरी माणसं कवळी डबीत ठेवून घरात गप्प बसली आहेत. वर्षभर मीही तशीच बसले होते.

काल रात्री नातवाला गोष्ट सांगितली. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, तीच. पावसापासून ते "चिऊताई, चिऊताई, दार उघड"पर्यंत सगळी, मध्ये एकदाही न थांबता. एकदाही तो "आजी, काय म्हणालीस?" असं म्हणाला नाही. गोष्ट संपायच्या आत झोपला. मग मी अंधारात तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. आज सकाळी आवरून पहिल्यांदा हे पत्र लिहायला घेतलं.

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. चमच्यातला च वेगळा आणि चिमणीतला च वेगळा, जुन्यातला ज वेगळा आणि जेवणातला ज वेगळा, हे पोरांच्या जिभेवर बसवणं हे माझं काम. लिहिताना अक्षर एकच, म्हणून ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. बाईंच्या तोंडाकडे बघून मूल ते शिकतं. माझं तोंड हाच माझा फळा होता असं म्हटलं तरी चालेल.

हिरड्यांच्या आजाराने एकेक दात हलत गेला. सत्तरी ओलांडली त्या वर्षी खालचे उरलेले सहा दात काढले. मुलगा पुण्यात असतो. त्याने चांगल्या हेतूने, पैशाकडे न बघता, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही, भांडण उकरायचं नाही. पण तिथे जे झालं ते सांगितल्याशिवाय तुमचे आभार मानता येणार नाहीत.

दात काढल्यावर दीड महिन्यात कवळी हातात आली. तिथले डॉक्टर माझ्याशी बोलत नसत, माझ्या डोक्यावरून मुलाशी बोलत. "आईंना सांगा, सवय होईल." खालची कवळी बोलताना उचलली जायची आणि वरची ओठाच्या आत काचायची. दुसऱ्यांदा गेलो. "सवय होईल." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गालाच्या आत जखम होती. तोंडात आरसा घालून एक क्षण बघितलं आणि "सवय होईल." चौथ्या वेळी माझ्यासमोर मुलाला म्हणाले, "काही पेशंटचं मानसिक असतं."

गाडीत मुलगा काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही.

ते वर्ष कसं गेलं हे तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. आज सांगते. भाकरी आमटीत कुस्करून खायची. कवळी लग्नाकार्यापुरती, फोटो काढेपर्यंत घालायची आणि मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायची. बोलताना पदर तोंडाशी. हळदीकुंकवाला जाणं सोडलं. नातवाचा फोन आला की "हं, हं" करायचं. तो बिचारा विचारायचा, "आजी, तू रागावलीस का?" चार वर्षांच्या पोराला कसं सांगणार की आजीच्या तोंडातला च हरवला आहे!

शेजारच्या वहिनी बळेच कराडला तुमच्याकडे घेऊन आल्या. मी जुनी कवळी डबीतून काढून दिली आणि गप्प बसले. चार वेळा सांगून झालं होतं, पाचव्यांदा सांगायची ताकद नव्हती. तुम्ही कवळी पाण्याखाली धरलीत, तिच्या कडेवरून बोट फिरवलंत, मग माझ्या तोंडात बघितलंत आणि म्हणालात, "इथे लागत होतं, आणि मागे इथे. बरोबर ना?"

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते मला पाठ आहे. "नवी कवळी घातली की तोंड भरल्यासारखं वाटतं, दोन-चार दिवस लाळ जास्त सुटते, जीभ अडखळते. याची सवय होते. दुखण्याची सवय करून घ्यायची नसते. दुखलं तर चूक कवळीत असते आणि ती काढणं माझं काम असतं." ही एवढी फोड मला वर्षभरात कुणी करून दिली नव्हती. मी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून स्वतःला दोष देत बसले होते.

तुम्ही मला शिकलेल्या बाईसारखं समजावलंत. दात काढल्यावर त्याखालचं हाड झिजत जातं, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. म्हणून दीड महिन्यात घेतलेलं माप सहा महिन्यांनी सैल होणारच होतं. आतून नवा थर देऊन ती बसवून घ्यायला हवी होती, तसं कुणी सांगितलं नाही. खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते, लाळेच्या पातळ थराने आणि कडेच्या बंदिस्तीने ती चिकटून राहते. खालचीला जेमतेम निम्मी जागा, आणि तीही जिभेच्या शेजारात. म्हणून तुम्ही खरं ते आधीच सांगून टाकलंत, "बाई, खालची वरच्यासारखी घट्ट बसणार नाही. ती जिभेने आणि गालाने सांभाळायला शिकावं लागेल. मी शिकवते." खोटी आशा दाखवली नाहीत, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

मापं कशी घेतली, किती खेपा झाल्या, ते लिहीत बसत नाही. एकच आठवण ठेवली आहे. शेवटचं माप घेताना त्या मलमाला लवंगेचा वास होता, आणि ते ओठांना चिकटू नये म्हणून आधी तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या ओठांना व्हॅसलीन लावलंत. आई गेल्यानंतर माझ्या तोंडाला असं हळुवार कुणी हात लावला नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

दात मेणात बसवून आणले होते, तो दिवस. कवळी पक्की होण्याआधीची ती शेवटची संधी असते, कारण मेण असेपर्यंत दात हलवता येतात. तुम्ही ती घालून दिलीत, आरसा दाखवलात, मी मान हलवली. एवढ्यावर संपलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण तुम्ही खुर्ची सरळ केलीत, तुमचं स्टूल ओढून माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसलात, मास्क खाली घेतलात आणि म्हणालात, "बाई, एकसष्ट ते सत्तर म्हणून दाखवा."

मी पदर वर घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत. स्वतःच सुरू केलंत, "एकसष्ट, बासष्ट..." वर्गात लाजरं पोर उभं राहिलं की मी अगदी असंच करायचे. पहिले दोन शब्द आपण म्हणायचे, तिसऱ्याला पोर येतं. त्रेसष्टला मी आले. चौसष्टला दातावर दात आपटून टक असा आवाज झाला. मी थांबले. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि पुढे पासष्ट म्हणालात. सत्तरपर्यंत आपण दोघी बरोबर गेलो. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आता एकट्या म्हणा." तुम्ही ऐकत होतात. बाहेर तीन पेशंट बसले होते, मदतनीस मुलगा दोनदा दारात येऊन गेला, आणि तुम्ही डोळे मिटून म्हाताऱ्या मास्तरणीचे आकडे ऐकत होतात.

नंतर सांगितलंत की स म्हणताना वरचे-खालचे पुढचे दात अगदी जवळ यायचे, पण एकमेकांना लागायचे नाहीत. लागले तर कवळीची उंची जास्त झाली आहे असं समजायचं. आपल्या आकड्यांमध्ये साठीच्या पुढे स आणि ष्ट यांची रांगच लागते, म्हणून एकसष्ट ते सत्तर. व म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकायला हवी, म्हणून विळी, वांगं, वाट. आणि मग मीच म्हटलं, "चमचा पण घ्या. आणि चूल." तुम्ही हसलात आणि कागदावर लिहून घेतलंत, "चमचा, चूल, जुना, झाड." माझ्या विषयातलं मला विचारून तुम्ही टिपून घेतलंत! तिथेच दिव्यावर हत्यार तापवून वरचे दोन दात मेणात जरासे सरकवलेत. उंची कमी करायला चार दिवस लागतील म्हणून पुन्हा बोलावलंत. चार दिवसांनी चौसष्टला आवाज झाला नाही.

ती पाच मिनिटं तुमच्या बिलात कुठेही नव्हती.

माझे आजोबा कवळी लावत. गडद तपकिरी, कडक रबराची. गंधक घालून रबर कडक करत आणि त्याच्या कवळ्या करत, त्या काळची. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं आणि हिरडीसारखा गुलाबी रंग मिळाला. आजोबांची कवळी आम्हा मुलांना भीतिदायक वाटायची, पण आजोबा तिच्यासकट ज्वारीची भाकरी खात आणि मोठ्याने पोथी वाचत. परवा आठवलं तेव्हा वाटलं, त्यांनाही कुणीतरी समोर बसून ऐकलं असणार. सामान बदललं, रंग सुधारला, पण तोंडात घालून माणूस बोलतो कसा हे ऐकायला अजून कुणीतरी बसावंच लागतं.

कवळी मिळाल्यानंतरचे दिवस सोपे नव्हते, आणि तुम्ही ते सोपे असतील असं सांगितलंही नव्हतं. स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच जोर कवळीने लागतो, हे आधीच सांगून ठेवलंत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मऊ भातही दोन घासांत दमवू लागला तेव्हा मी घाबरले नाही. लहान घास, दोन्ही बाजूंना थोडा थोडा, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. चहा निवू द्यायचा, कारण टाळू ॲक्रिलिकखाली झाकलेली असते, तिला गरम कळत नाही आणि घोट गेल्यावर घसा पोळतो. रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं. मी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचायचे, घरात कुणी नसताना.

दुसऱ्या दिवशी बोलावलंत, आठवड्याने बोलावलंत, मग पुन्हा. दर वेळी आतून पांढरी पेस्ट लावून बघायचं, जिथे ती पुसली गेली तिथे दाब जास्त, तेवढंच जरासं घासायचं. कधीही "एवढंसं तर आहे" म्हणाला नाहीत. सहाव्या आठवड्यात मी भाकरी न कुस्करता खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. चटणीचा एक कण खालच्या कवळीखाली गेला आणि चांगला टोचला. उठले, चूळ भरली आणि पुन्हा जेवायला बसले. वर्षापूर्वी ताट सरकवून उठले असते.

तुमच्या दवाखान्यात मी बाकावर बसून बरंच बघितलं. तो मदतनीस मुलगा म्हाताऱ्यांच्या चपला दाराजवळ सरळ करून ठेवतो. कवळी काढायची वेळ आली की तुम्ही न सांगता दार लोटून घेता. एकदा मळ्यात काम करणाऱ्या एक आजी आल्या होत्या. २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना कवळीही मिळते, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. कागद कोणते लागतील ते त्यांच्या सुनेला लिहून दिलंत आणि वर म्हणालात, "कुठूनही मिळू दे, टोचली तर माझ्याकडे या." दुसऱ्याने बनवलेल्या कवळीची दुखणी आपल्या अंगावर घेणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. माझ्या नोकरीत काही शिक्षक असे होते, दुसऱ्याच्या वर्गातलं मागे राहिलेलं पोर शाळा सुटल्यावर आपल्याजवळ बसवून घेणारे. ती जात मला ओळखता येते.

पुण्याच्या त्या डॉक्टरांबद्दल आता राग उरलेला नाही असं मी लिहिणार नाही, कारण उरला आहे. त्यांचं कौशल्य कमी नसेल. पण त्यांनी माझ्या दुखण्याला मनाचा खेळ म्हटलं आणि ते माझ्या मुलाने ऐकलं. वर्षभर माझ्या घरात माझ्या शब्दाला किंमत कमी झाली. तुम्ही जुन्या कवळीवरून बोट फिरवलंत त्या दिवशी मुलाला मी फोन केला आणि फक्त एवढं म्हणाले, "डॉक्टरांनी मी न सांगता जागा दाखवली." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, माझं चुकलं." त्या दोन शब्दांसाठीही तुमचे आभार.

सांगितलेलं सगळं पाळते आहे. रात्री कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवते, हिरड्यांना विसावा देते. गरम पाणी अजिबात वापरत नाही, वाकडी होते म्हणालात. घासताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवते, हातून सुटली तरी फुटू नये म्हणून.

आणि एक. दोन दिवस झाले, खाली डावीकडे, मागच्या बाजूला थोडं काचतं आहे. सोमवारी सकाळी येते. आदल्या दिवसभर घालून ठेवीन आणि घालूनच येईन, म्हणजे लाल कुठे झालंय ते तुम्हाला दिसेल.

तुमच्या,
बाई